वाचनालयात झाकून ठेवलेले कॉम्प्युटर कुणाला वापरायला मिळालेत का?

पाऊसवेडी

नमस्कार मंडळी, धागा नेमका कुठल्या विभागात टाकायचा कळलं नाही म्हणून इथेच टाकतेय, चुकला असेल तर अॅडमिननी हलवावा.

झालंय असं की आमच्या घरातला एकुलता एक लॅपटॉप गेल्या महिन्यात गेला. आधी बिजागरी तुटली होती, ती सेलोटेप लावून चालवत होतो, आता मदरबोर्ड गेला म्हणतात आणि दुरुस्तीचा जो आकडा सांगितला त्यात थोडे घालून जुना दुसरा येईल. इकडे भावाचं इंजिनिअरिंगच्या कॅपचं, म्हणजे प्रवेशाच्या सामायिक फेऱ्यांचं सुरू आहे, ऑप्शन फॉर्म भरायचाय, शंभर-सव्वाशे कॉलेज-ब्रँच क्रमाने लावायच्या आणि ते मोबाइलच्या एवढ्याशा स्क्रीनवर करताना वरचं खाली जातं, खालचं वर येतं, डोळ्याला पाणी येतं नुसतं. माझी स्वतःची बँकेची परीक्षा आहे, तिच्या मॉक टेस्ट मोबाइलवर दिल्या तर खऱ्या परीक्षेत माउस हातात आल्यावर बोंब होणार हे मागच्या वेळी अनुभवलंय.

आता मुद्दा. आम्ही आहोत तालुक्याच्या गावी, घरापासून पाच मिनिटांवर सार्वजनिक वाचनालय आहे, मी आठवीपासून सभासद आहे. तिथे ग्रंथपालांच्या टेबलामागे तीन कॉम्प्युटर आहेत. तिन्हींवर कव्हर. आणि साधं प्लास्टिकचं नाही हं, कुणीतरी हौसेने शिवलेलं, गुलाबी कापड, कडेला लेस आणि मधोमध भरतकामाचा मोर. मी आजवर तो मोर बाजूला झालेला पाहिलेला नाही. विचारलं तर सर म्हणाले, नेट नाहीये. वायफायचा दिवा तर लुकलुकत होता समोर. मग म्हणाले समितीची परवानगी लागते. मग म्हणाले तू मोबाइलवर का नाही करत.

तर प्रश्न असे की सभासद म्हणून आपल्याला हे वापरायचा काही हक्क असतो का? तुमच्या गावात कसं चालतं? आणि समजा मिळालाच वापरायला, तर आधार, बँक, पासवर्ड वगैरे अशा दहा जणांच्या मशीनवर टाकणं कितपत बरं?

---

राजाभाऊ_०७

ताई एवढा काथ्याकूट कशाला, सायबरवर जा, पन्नास-शंभर रुपयांत अर्ध्या तासात काम होतं. वाचनालय पुस्तकं वाचायला असतं.

---

पाऊसवेडी

राजाभाऊ, सायबरचंच सांगते ऐका. मागच्या वर्षी माझ्या मैत्रिणीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरून दिला त्या दादाने, ईमेल आयडी टाकला स्वतःचा, का तर म्हणे तुझा लक्षात राहणार नाही. पासवर्ड त्याच्या वहीत, आधीच्या चाळीस पोरींच्या पासवर्डखाली, आणि सगळ्यांचा एकच, गावाचं नाव आणि १२३. पुढे फॉर्ममध्ये त्रुटी निघाली तो मेल गेला त्या दादाला, त्याने काही बघितला नाही, हिची मुदत हुकली. पैसे घेऊन काम करून देतात त्याबद्दल तक्रार नाही, पण मला माझं मी बसून करायचंय, खुर्ची आणि माउस पाहिजे फक्त.

---

ग्रंथपाल_आहे_मी

धागा वाचून आधी हसू आलं, मग थोडं लागलंही, कारण आमच्याकडेही कव्हर होतं. मोर नव्हता एवढंच.

मी एका 'ब' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे, चौदा वर्षं झाली, म्हणून पलीकडची बाजू सांगतो. महाराष्ट्रात बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारची नाहीत, संस्थेची आहेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असते, अ ब क ड असा वर्ग मिळतो आणि त्या वर्गाप्रमाणे अनुदान. ते येतं हप्त्याने, त्यात पुस्तकं, पेपर, लाईटबिल आणि आमचा पगार, ज्याला पगार म्हणायला मलाच लाज वाटते. कॉम्प्युटर बहुतेक ठिकाणी कुठल्यातरी योजनेतून नाहीतर देणगीतून आलेले असतात आणि आले की लगेच डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत चढतात. तपासणीला साहेब आले की मशीन जागेवर आणि धड दिसलं पाहिजे. मग ग्रंथपाल काय करणार, झाकून ठेवणार. खराब झालं तर विचारणारे दहा जण आणि वापरलंच नाही तर विचारणारं कुणी नाही, साधा हिशोब आहे.

हक्काचं म्हणाल तर कायद्यात इंटरनेट मिळालंच पाहिजे असं काही कलम नाही, १९६७ साली कुठून असणार. पण तुम्ही सभासद आहात, वार्षिक सर्वसाधारण सभा होते, तिथे विषय मांडता येतो, आणि त्याआधी अध्यक्षांच्या नावाने साधा अर्ज द्या, दोन प्रती काढा, एकीवर आवक नंबर आणि सही-शिक्का घ्या. तोंडी विचारलं की तोंडी नाही मिळतं. कागद आला की तो समितीच्या बैठकीत ठेवावाच लागतो. आणि एकटीने सही करू नका, अभ्यासिकेतली दहा-बारा मुलं घ्या.

आम्ही उघडले तीन वर्षांपूर्वी, दोन मशीन. पहिल्या महिन्यात एक माउस गेला, म्हणजे खराब नाही झाला, गेला. मग तो खिळ्याला तारेने बांधला. वही ठेवली, नाव, वेळ, सही. पाऊण तासाची पाळी, कुणी थांबलं नसेल तर पुढे बसा. प्रिंटला पानामागे चार रुपये, नेटला काही नाही.

माझी समजूत होती की पोरं येतील, गेम खेळतील, त्यांच्यावर ओरडावं लागेल. आले कोण, तर बचत गटाच्या बायका, शेतकरी, आणि नोव्हेंबर लागला की पेन्शनवाले. गेल्या नोव्हेंबरात आमच्या शाळेतलेच एक निवृत्त गुरुजी आले हयातीच्या दाखल्यासाठी. दोन ठिकाणी बोटांचे ठसे उठले नव्हते, वयाने रेघाच पुसल्यात. मी म्हटलं चेहऱ्यावर पण होतो आता, बसा. मोबाइलवर जीवन प्रमाणचं अॅप उघडलं, कॅमेरा समोर धरला, ते म्हणतं डोळे मिचकवा. गुरुजी मिचकवेनात! आयुष्यभर वर्गावर डोळे रोखायची सवय, कॅमेऱ्याकडे असे बघत राहिले की मलाच सहावीतलं गणित चुकल्यासारखं झालं. चौथ्या वेळी त्यांच्या मिसेस मागून म्हणाल्या, अहो डोळ्यात काहीतरी गेलंय तुमच्या, तेव्हा कुठे पापणी हलली आणि झालं. मग कॉम्प्युटरवरून प्रिंट काढून दिली. गुरुजींनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, म्हणजे मी आहे तर.

सांगायचं कारण, मशीन उघडणं सोपं आहे, पण एकदा उघडलं की ग्रंथपालाचं अर्धं काम तेच होऊन बसतं आणि ते अनुदानाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्यामुळे तुमच्या सरांना एकदम व्हिलन करू नका.

---

निपाणीकर

ग्रंथपाल साहेब +१. आमच्या इकडे कर्नाटकात जरा वेगळं आहे. ग्रामपंचायतीची लायब्ररी असते, तिला आता अरिवु केंद्र म्हणतात, अरिवु म्हणजे जाण किंवा ज्ञान. इकडे मालमत्ता करावर ग्रंथालयाचा सेस, म्हणजे जादा कर लागतो, महाराष्ट्राच्या कायद्यात तसला सेस नाही. आमच्या पंचायतीत दोन कॉम्प्युटर आहेत, शाळकरी पोरं संध्याकाळी येऊन बसतात, मराठी पुस्तकं मात्र एका कपाटात मावतील एवढीच. त्यावर बोलायला लागलो तर धागा भलतीकडे जाईल म्हणून थांबतो.

---

कीबोर्ड_कुरतडणारा

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो, पेशाने हेच काम करतो, लांबेल जरा.

सगळ्यात मोठी चूक लोक करतात ती म्हणजे क्रोम उघडलं की वर उजवीकडे जो गोल असतो तिथे स्वतःच्या जीमेलने साइन इन करतात. जीमेल बघणं वेगळं आणि क्रोमलाच साइन इन करून सिंक चालू करणं वेगळं, दुसऱ्यात तुमचे घरचे सगळे साठवलेले पासवर्ड, बुकमार्क, हिस्ट्री त्या वाचनालयातल्या मशीनवर उतरतात आणि तुम्ही उठून गेलात तरी तिथेच राहतात. एका क्लासच्या लॅबमध्ये मी स्वतः बघितलंय, अकरा जणांचे प्रोफाइल रांगेत, कुणाच्याही फोटोवर क्लिक करा, त्याचा मेल उघडा. म्हणून इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीत बसायचं, पासवर्ड सेव्ह करू का विचारलं की नेव्हर, आणि उठताना आधी लॉगआउट मग सगळ्या खिडक्या बंद.

पण इन्कॉग्निटोवर फार विसंबू नका, त्यात हिस्ट्री राहत नाही पण डाउनलोड केलेली फाइल राहतेच. आणि लोक डाउनलोड करतात काय, तर आधार. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं साल, म्हणजे तुमचा दहावीचा निकाल ज्याने बघितलाय त्याला तो येतो. शक्य असेल तर मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. काम झालं की डाउनलोड्समध्ये जाऊन शिफ्ट दाबून डिलीट, नुसतं डिलीट केलं तर रिसायकल बिनमध्ये जाऊन बसतं. डेस्कटॉपवर पण बघा, फोटो आणि सहीच्या फाइल तिथे हमखास राहतात, कारण त्या २० ते ५० केबीत बसवायच्या नादात आपण पाच पाच कॉप्या करतो, फोटो, फोटो नवा, फोटो फायनल, फोटो फायनल खरा.

व्हॉट्सअॅप वेब लावलं असेल आणि घरी आल्यावर आठवलं तर घाबरायचं नाही, फोनवर लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन तिथून काढता येतं. गूगलचंही तसंच, सिक्युरिटीमध्ये युअर डिव्हायसेस बघा, जे ओळखीचं नाही ते साइन आउट.

बँकेचं मात्र करू नका. नेटबँकिंग अजिबात नको. फी भरायची तर क्यूआर येऊ द्या स्क्रीनवर आणि फोनने स्कॅन करा, पासवर्ड त्या कीबोर्डला लागतच नाही.

पेनड्राइव्ह! विसरलोच. सार्वजनिक मशीनला लावला की घरी येऊन सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले दिसतात, तो जुना व्हायरस तालुक्यातालुक्यात अजून जिवंत आहे. त्यापेक्षा फाइल स्वतःच्याच मेलवर टाकून ठेवा.

आणि ग्रंथपाल साहेब, तुमच्यासाठी, मशीनवर विंडोज १० असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट बंद केलाय, सात-आठ वर्षं जुनी मशीन बऱ्याचदा ११ घेत नाहीत. फेकू नका. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका, फुकट आहे, ब्राउझर आणि मराठी टायपिंग दोन्ही चालतं, आणि लोकांसाठी वेगळं साधं युजर अकाउंट ठेवा, अॅडमिनचा पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका (हसू नका, बघितलंय).

---

वकिलीण

वही ठेवता ते उत्तम. सायबर कॅफेसाठी २०११ चे नियम आहेत, ओळखपत्र बघायचं, नोंदवही वर्षभर जपायची, आडोसे साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत वगैरे. आयटी कायद्यात सायबर कॅफे म्हणजे धंद्याचा भाग म्हणून लोकांना नेट देणारी जागा अशी व्याख्या आहे, त्यामुळे फुकट देणारं वाचनालय त्यात बसतं का यावर वाद घालता येईल. पण वादात पडण्यापेक्षा वही स्वस्त. उद्या कुणी तिथून कुणाला धमकीचा मेल टाकला तर पोलीस आधी ग्रंथपालालाच विचारणार की त्या वेळी खुर्चीवर कोण होतं.

---

जर्सीतला_जोशी

गंमत वाटली वकिलीणबाई, कारण इथे अमेरिकेत लायब्ररीचा कल बरोबर उलटा. कोण बसलं होतं, काय बघितलं, हे शक्यतो ठेवायचंच नाही. आमच्या लायब्ररीत तुमची वेळ संपली की मशीन आपोआप रीस्टार्ट होतं आणि तुम्ही जे काही केलं ते सगळं साफ, पुढच्या माणसाला कोरी पाटी. २००५ मध्ये एफबीआयने कनेक्टिकटमधल्या लायब्ररींच्या एका संस्थेकडे अशाच एका कॉम्प्युटरच्या वापराची माहिती मागितली, वर याबद्दल कुणाशी बोलायचं नाही अशी तंबी. चार लायब्ररीयन कोर्टात गेले, आणि पुढच्या वर्षी सरकारने मागणी सोडून दिली. त्यांच्याबद्दल इथल्या लायब्ररीवाल्यांना फार अभिमान असतो.

सगळं मोकळंच आहे असं नाही. इंटरनेटच्या खर्चात सरकारी सवलत घेणाऱ्या लायब्ररींना २००० च्या कायद्याने मुलांसाठी फिल्टर लावावा लागतो, मोठा माणूस सांगून तो काढून घेऊ शकतो. एकदा बाबांना कसलीतरी आरोग्याची माहिती उघडेना, मला म्हणाले तू जाऊन सांग, मी म्हटलं तुम्हीच सांगा, शेवटी दोघंही न सांगता घरी आलो.

बाबा सहा महिने आले होते तेव्हा त्यांचा दिवसच लायब्ररीभोवती असायचा. आमच्याकडे त्यांचं कार्ड नव्हतं, तर काउंटरवरून गेस्ट पास मिळायचा, एक चिठ्ठी, तिच्यावर नंबर. तासाभराची वेळ. स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत असतं, पाच मिनिटं राहिली की सूचना येते, आणि बाबा मराठी पेपर वाचताना नेमके अग्रलेखाच्या शेवटच्या परिच्छेदात असायचे. घरी माझा लॅपटॉप रिकामा पडलेला असायचा हे वेगळं. तिथे त्यांना दोन गुजराती आजोबा आणि एक तेलुगू आजोबा भेटायचे, तोच खरा मेल.

---

अभ्यासिका_ग्रस्त

सगळे कॉम्प्युटरवर बोलतायत, पण आमच्या इथे भांडण वायफायचं आहे. अभ्यासिकेत वायफाय दिलं, पासवर्ड फळ्यावर लिहिला, आठवड्यात रस्त्यापलीकडच्या चहावाल्यापासून रिक्षा स्टँडपर्यंत सगळ्यांकडे तो पासवर्ड. आतल्या पोरांना व्हिडिओ लेक्चर उघडेना आणि बाहेर रिक्षात रील चाललेत. समितीने काय केलं, वायफायच बंद. मधला काही मार्ग असतो हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

---

कीबोर्ड_कुरतडणारा

@अभ्यासिका_ग्रस्त अहो राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं, त्याचा पासवर्ड दर सोमवारी बदला आणि फळ्याऐवजी सभासदाच्या कार्डावर पेन्सिलीने लिहून द्या. काही राउटरमध्ये एकेकाचा स्पीड बांधता येतो, रील अडकायला लागले की रिक्षावाले आपोआप आपला डेटा वापरतात.

---

मांडवीकाठचा

आमच्या पणजीत पाटोवर कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ ची, पोर्तुगीजांच्या काळात सुरू झालेली. इंटरनेट वापरायची सोय आहे. ज्यांना गोव्यात यायचं निमित्त लागतं त्यांनी बीचआधी तिथे एक दुपार काढून बघा.

---

राजाभाऊ_०७

मी वर सायबरचं बोललो ते मागे घेतो. धागा वाचून माझ्या पुतणीच्या फॉर्मवर कुणाचा ईमेल आहे ते बघितलं. सायबरवाल्याचाच निघाला.

---

पाऊसवेडी

मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला, त्याबद्दल सॉरी.

ग्रंथपाल साहेबांनी सांगितलं तसा अर्ज लिहिला. अभ्यासिकेतल्या चौदा जणांच्या सह्या घेतल्या, त्यातल्या तिघांनी आधी विचारलं की यात आपलं नाव कुठे जाणार नाही ना. सरांकडे दिला तर त्यांनी आवक नंबर टाकायला रजिस्टर काढलं, ते शोधण्यातच दहा मिनिटं गेली. शिक्का मारताना म्हणाले, अगं तू हे आधी लेखी का नाही दिलंस. मी काही बोलले नाही.

बैठक झाली. एक मशीन उघडायचं ठरलं, मंगळवार आणि शुक्रवार, चार ते सहा. बाकी दोन 'नंतर बघू'. पहिल्या मंगळवारी मी आणि भाऊ साडेतीनलाच जाऊन बसलो. सरांनी कव्हर काढलं, तेही घडी घालून, उशीचा अभ्रा काढावा तसं. बटण दाबलं, पंखा असा घरघरला की पेपर वाचणारे काका वळून बघायला लागले. तारीख दाखवत होतं १ जानेवारी २०१५, त्यामुळे एकही साइट उघडेना, सर्टिफिकेटची एरर. भावाने तारीख नीट केली आणि धडाधड सगळं चालू. सर म्हणाले, एवढंच होतं होय.

ऑप्शन फॉर्म भरला, दोन मंगळवार आणि एक शुक्रवार लागला, कारण बाबांना प्रत्येक कॉलेज कुठे आहे ते नकाशावर बघायचं होतं. मोठ्या स्क्रीनवर बघितल्यावर कळलं की पहिल्या नंबरला आम्ही चुकून भलतीच ब्रँच टाकली होती, मोबाइलवर तेवढी ओळ कापली जात होती. तेच मिळालं असतं तर ऑटो फ्रीझ होऊन बसलं असतं, म्हणजे तीच जागा पक्की, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. लॉगआउट केलं, डाउनलोड्स शिफ्ट डिलीट केले, डेस्कटॉपवर आमचं काही राहिलं नाही. दुसऱ्या कुणाचा तरी २०१६ चा रेझ्युमे होता, तो सरांना सांगून काढला.

मॉक टेस्टचं अजून जमेना, दोन तासांत दुसऱ्या कुणाचा नंबर येतो. मागच्या शुक्रवारी सात जण होते रांगेत, त्यात एक आजी, त्यांना नातवाचा व्हिडिओ कॉल मोठा बघायचा होता. कॅमेराच नाहीये त्या मशीनला, तर आजी म्हणाल्या मी दिसले नाही तरी चालेल, मला तो दिसू दे.

---

ग्रंथपाल_आहे_मी

वा! सरांना आमचा नमस्कार सांगा. आणि माउस बांधून ठेवा म्हणावं. मोराचं कव्हर कुठे गेलं मग?

---

पाऊसवेडी

प्रिंटरवर. प्रिंटर मागितला की समितीची परवानगी लागते म्हणतात.